भिंत बांधण्याआधी

तुळईच्या जागीच पाण्याचा नळ आला तर काय होईल? नकाशे वेगवेगळ्या कागदांवर असले, तर ही चूक पुष्कळदा बांधकाम सुरू झाल्यावर कळते. मग पक्के काँक्रीट फोडावे लागते. पैसा वाया जातो, तुळई कमकुवत होते आणि राहणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो.

म्हणून आता इमारत आधी संगणकावर उभी करतात. तिच्यात खांब, नळ, विजेच्या तारा सारे एकत्र दिसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८८ साली या विषयाचे केंद्र स्थापन झाले. तेथे पदवीधर विद्यार्थी हे तंत्र शिकतात. आपल्या नागपूर मेट्रोच्या बांधकामातही ते वापरले गेले.

मात्र लक्षात ठेवा, संगणक चूक दाखवतो. ती सुधारण्याची जबाबदारी माणसाचीच असते. त्यासाठी गणित आणि चित्रकला आजपासूनच मन लावून शिका.