ओळखणे, ओळख असणे आणि ओळख मिरवणे

वाक्याचा व्याकरणिक अर्थ आणि त्याचे सामाजिक कार्य यांतील अंतर समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात एक परिचित भाषाव्यवहार घेऊ. मोठ्या माणसांशी असलेली ओळख मिरवणारा गृहस्थ लग्नाच्या पंगतीत, एसटी स्थानकावर हमखास भेटतो आणि ऐकणारा वैतागतो. या वैतागाचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वाक्यरचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते.

'मी त्यांना ओळखतो' या वाक्यातील क्रिया एकतर्फी आहे. या अर्थाने प्रत्येक प्रेक्षक नटाला ओळखतो. 'माझी त्यांची ओळख आहे' यात संबंध परस्परांचा होतो. 'ते मला ओळखतात' यात कर्ताच बदलतो आणि खरी कसोटी येथे लागते. बढाईखोर हे तिसरे वाक्य सहसा उच्चारत नाही. तो ते संबोधनातून सुचवतो. पु. ल. देशपांडे निकटवर्तीयांचे 'भाई', कुसुमाग्रज 'तात्यासाहेब'. ही नावे पुढे सर्वतोमुखी झाली, हा भाग निराळा. परंतु आडनाव गाळून नुसते 'भाई म्हणाले' असे कोणी सांगितले, की 'कोण भाई?' असे विचारावे लागते आणि विचारणारा तत्क्षणी परका ठरतो. अनुपस्थित व्यक्तीला 'अरे-तुरे' करण्यास तर कोणाची परवानगीही लागत नाही!

प्रत्येक उल्लेख मात्र बढाई नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा तालुक्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार भूकंपग्रस्त भागात आले होते. त्या काळाविषयी 'साहेबांना जवळून पाहिले' असे एखाद्या वृद्धाने सांगितले, तर ती आठवण आहे. येथे पाहणारा पाहणाराच राहतो.

आता तहसील कार्यालयातील बाकावर उच्चारले जाणारे वाक्य पाहा : 'साहेब आपलेच आहेत.' मराठीत 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' सामावून घेते. त्या न्यायाने 'आपले' म्हटल्यावर शेजारी बसलेली, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेली बाईही त्यात यायला हवी. प्रत्यक्षात तिला ऐकू येते ते एवढेच, की आपला क्रमांक आणखी मागे गेला. रूप समावेशक, कार्य मात्र वगळण्याचे. तेच वाक्य कारकुनाला ऐकवलेले असते, तेव्हा ती सूचना असते, प्रसंगी धमकीही. 'वशिला' हा शब्द अरबीतून आलेला. मूळ अर्थ साधन. साहेबांना या ओळखीचा पत्ताही नसेल, तरी साधन आपले काम करून जाते. त्यामुळे पंगतीतील फुशारकी हसण्यावारी नेता येते, बाकावरची नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरात आठवडाभर कानावर पडलेली अशी पाच वाक्ये, व्यक्तींची नावे वगळून, नोंदवा. प्रत्येक वाक्यातील कर्ता, सर्वनाम व संबोधन अधोरेखित करा आणि ते वाक्य नेमके कोणाला ऐकवलेले होते, ते लिहा.