चार कॉम्प्युटर, एकच सॉफ्टवेअर: दरवेळी चारदा इन्स्टॉल कशाला?



धंदा वाढला की कॉम्प्युटरही वाढतात. समजा काउंटरवर डेबियनचे दोन पीसी आहेत, गोडाऊनमध्ये लेबल छापायला रास्पबेरी पाय आणि डिझाइनसाठी मॅक. सगळी युनिक्सच्याच कुळातली मंडळी. पण लेबलची स्क्रिप्ट बदलली आणि एक मशीन राहून गेलं, तर एकाच मालावर दोन वेगळे भाव छापले जातात. गिऱ्हाईक भांडणार ते तुमच्याशी! म्हणून आज शिकूया, सॉफ्टवेअर एका जागी कसं ठेवायचं.

पायरी १: काय शेअर होतं ते ओळखा.
फॉन्ट, बिलाचे साचे, शेल किंवा पायथनच्या स्क्रिप्ट बहुतेक सगळीकडे चालतात. फक्त पायथन प्रत्येक मशीनवर हवं. कंपाइल केलेला प्रोग्राम मात्र तसा चालत नाही. इंटेल पीसीचा प्रोग्राम पायच्या एआरएम प्रोसेसरला कळत नाही. नव्या मॅकमध्येही एआरएमच असतं, पण ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, म्हणून लिनक्सचा प्रोग्राम तिथे थेट चालणार नाही. 'यूनेम' कमांड दिली की सिस्टिम आणि प्रोसेसर दोन्ही कळतात.

पायरी २: एक सामायिक फोल्डर करा.
यासाठी एनएफएस वापरायचं. सन मायक्रोसिस्टिम्सने हे १९८४ मध्ये आणलं, आजही जोरात चालतं. फोल्डरमध्ये चार कप्पे करा: कॉमन, लिनक्स-इंटेल, लिनक्स-एआरएम, मॅक. शेअर करताना फक्त दुकानाच्या नेटवर्कला, आणि 'रीड-ओन्ली' द्या, म्हणजे काउंटरवरून कुणी चुकून काही पुसणार नाही. लॉगिनच्या वेळी 'यूनेम' बघून योग्य कप्पा 'पाथ'मध्ये जोडला की झालं.

पायरी ३: जुन्यावर नवं टाकू नका.
प्रत्येक आवृत्तीला वेगळं फोल्डर, आणि चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक. गडबड झाली तर लिंक परत जुन्याकडे वळवायची, मिनिटभराचं काम. ग्नू स्टो हे टूल अशा लिंका आपोआप लावतं आणि काढतंही. पण जुनं फोल्डर लगेच डिलीट करू नका; कुणाच्या मशीनवर तोच प्रोग्राम चालू असेल तर तो मध्येच बंद पडेल.

पायरी ४: सर्वात जुन्या लिनक्सवर कंपाइल करा.
नव्या डेबियनवर बनवलेला प्रोग्राम जुन्यावर बरेचदा उघडत नाही, कारण त्याला नवी जी-लिबसी लायब्ररी लागते. उलटं सहसा चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हर बंद पडला तर? एनएफएस साधारणपणे सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत बसतं. म्हणजे सणाच्या गर्दीत सगळे काउंटर एकदम गोठणार. म्हणून ज्याच्यावाचून गल्ला अडतो, ते बिलिंग प्रत्येक मशीनवरच ठेवा. लेबल आणि साचे मात्र रोज रात्री 'आरसिंक'ने सामायिक फोल्डरमधून लोकल डिस्कवर उतरवा. मास्टर प्रत एकच, पण काम कुणाच्या भरवशावर नाही.

विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स किती मशीनचं आहे, तेही आधी वाचा.

गृहपाठ: तुमच्या प्रत्येक मशीनवर 'यूनेम' चालवा आणि कागदावर तक्ता करा: मशीन, सिस्टिम, प्रोसेसर, त्यावरचे प्रोग्राम. हा कागद हातात असल्याशिवाय पायरी २ सुरू करू नका. कमांडचं अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहेच. चला, लागा कामाला!