वाणाच्या उत्पन्नाचे स्थैर्य

आमच्या कामरगावकडे भारी काळी, मध्यम व बरड अशा निरनिराळ्या प्रतींच्या जमिनींत सोयाबीन पेरले जाते. वाण निवडताना मात्र आपण केवळ सरासरी उतारा विचारतो. तेवढे पुरेसे नाही.

दोन वाणांचा एकरी उतारा क्विंटलांत असा आला असे समजू : पहिल्याचा भारी जमिनीत 10, मध्यम जमिनीत 7 व बरडीत 1, दुसऱ्याचा अनुक्रमे 7, 6 व 5. सरासरी दोहोंची 6 च. परंतु ज्याजवळ केवळ बरड आहे, त्याने पहिले वाण पेरल्यास लागवडीचा खर्चही निघणे कठीण.

हा फरक मोजण्याची रीत 1963 साली ऑस्ट्रेलियात फिन्ले व विल्किन्सन यांनी जवाच्या 277 वाणांवर लावून दाखविली. प्रत्येक ठिकाणची सर्व वाणांची सरासरी ही त्या ठिकाणची प्रत मानावी, व ती 1 क्विंटलाने चढली असता वाण किती चढते ते पाहावे. वरील हिशेबात पहिले सुमारे 1.6, तर दुसरे 0.4 क्विंटल चढते. चढ जितका कमी, तितके वाण अधिक स्थिर.

मात्र सर्वत्र थोडेच पिकणारे वाणही स्थिर दिसते. म्हणून सरासरी व चढ दोन्ही एकत्र पाहावी. पावसाचे मानही दरसाल पालटते. याकरिता दोन्ही वाणांचे सारखे पट्टे शेजारी पेरून, माल निरनिराळा तोलून, निदान तीन हंगामांचे आकडे वहीत टिपावे. भारी जमिनीच्या धन्याने पहिले वाण घेण्यास हरकत नाही. बरडवाल्याने दुसरेच घ्यावे, अशी आमची सूचना आहे.