दगडातले पान

चकलांबा हे गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात आहे. इकडे विहीर खांदली तर काय लागते? वर काळी माती. तिच्या खाली मुरूम. मग काळा फत्तर. या फत्तरात झाडाचे पान सापडत नाही.

आता आपण चंद्रपूरकडे जाऊ. तिथे दगडी कोळशाच्या खाणी आहेत. या कोळशाबरोबरच्या दगडांत पानांचे ठसे सापडतात. नागपूरजवळ कामठीच्या वाळूच्या दगडातही ते सापडले आहेत. मधली शीर जाड. बाजूला बारीक शिरांची जाळी. पान लांबट, जिभेसारखे. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लोसा म्हणजे जीभ.

हे पान 25 कोटी वर्षांहून जुने आहे. तेव्हा माणूस नव्हता. पाखरू नव्हते. गवतसुद्धा नव्हते!

मग पान टिकले कसे? आपण पेवात ज्वारी ठेवतो. आत हवा जात नाही, म्हणून ज्वारी टिकते. तसेच इथे झाले. ही झाडे दलदलीत वाढत. पाने गळून चिखलात पडत. वर गाळ बसे. हवा लागेना, म्हणून पाने पुरती कुजली नाहीत. थरावर थर चढले. गाळाचा दगड झाला. पानाचा ठसा आत राहिला. जिथे झाडपाल्याचे मोठे ढीग दबले, तिथे दगडी कोळसा झाला. आपल्या जिल्ह्यात परळीला असाच कोळसा जाळून वीज करतात.

चकलांब्याचा फत्तर मात्र निराळा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. तापलेला रस बाहेर आला आणि निवून फत्तर झाला. चुलीत पान कसे टिकेल?

आता एक खरी गोष्ट ऐका. 1912 साली इंग्रज दर्यावर्दी स्कॉट आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवावरून परत येत होते. सगळीकडे बर्फ. अन्न संपत आलेले. तरी त्यांनी सुमारे 16 किलो दगड ओढून आणले, टाकले नाहीत. पाचही जण वाटेतच मेले. पुढे ते दगड तपासले. त्यांत हेच जिभेसारखे पान निघाले!

हे पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडते. म्हणजे हे सारे देश तेव्हा एकमेकांना जोडलेले होते. त्या जोडजमिनीचे नाव गोंडवन. आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून ते पडले.

एका पानाने एवढे सांगितले. म्हणून कुठे दगडात पान दिसले, तर आपण तो फोडू नये. जागा लिहून ठेवावी आणि जाणत्या शिक्षकाला दाखवावी. आता आपल्याला लिहिता येते ना?

वाचा आणि सांगा

1. पान न कुजता कसे राहिले?
2. चकलांब्याच्या फत्तरात पान का सापडत नाही?
3. तुमच्या विहिरीत कोणकोणते थर लागले? ते वहीत लिहा.