गाय खाते, पण पचविते कोण?

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत एक लग्न झाले. पंगती उठल्यावर उरलेला भात व जिलब्या कोणीतरी पुण्य समजून शेजारच्या गाईपुढे ओतल्या. तिने त्या आवडीने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तिचे रवंथ थांबले, पोट तटतटले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले विषबाधा झाली. खरे कारण निराळेच होते. आपल्या परिवारात गोग्रास काढणारी घरे पुष्कळ असल्याने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

गाईचे पोट चार कप्प्यांचे असते. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहूनही अधिक ऐवज मावतो. गवताकडब्यातील सेल्युलोज पचविणारा रस गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोटीपोटातील सूक्ष्मजंतू करतात. तेथील एक मिलिलिटर द्रवात त्यांची संख्या हजार कोटींच्या घरात असते!

फ्रान्समध्ये ग्रूबी व देलाफों यांनी १८४३ साली कोटीपोटातील सूक्ष्म प्राण्यांचे वर्णन केले. परंतु तेथील जंतूंना प्राणवायू सोसत नसल्याने ते बाहेर वाढविणे कठीण होते. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायू वगळलेल्या नळ्यांत ते वाढविण्याची युक्ती शोधली. पुढे त्यांच्याच नावाच्या प्रकल्पातून २०१८ साली अशा चारशेहून अधिक जंतूंचे जनुकसंच प्रसिद्ध झाले.

हे जंतू चारा आंबवितात व त्यातून आम्ले तयार होतात. ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश बनतो, तर प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात साखर बनून ती दुधात उतरते. पुढच्या कप्प्यांत गेलेले जंतू स्वतःच पचून गाईला प्रथिने पुरवितात. थोडक्यात, गाय जंतूंना पोसते आणि जंतू गाईला!

मग भाताने घात कसा झाला? शिजलेले पिष्ट व साखर झपाट्याने आंबतात. लॅक्टिक आम्ल करणारे जंतू बेसुमार वाढतात, त्या आम्लात चारा पचविणारे जंतू मरतात, रक्तातील पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात भिनते. कडबा चघळताना गाईला भरपूर लाळ सुटते. लाळेत सोड्यासारखे क्षार असल्याने आम्ल आटोक्यात राहते. भात चघळावा लागत नाही, त्यामुळे हे संरक्षणही मिळत नाही.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. गोग्रास घासभरच द्यावा. खुराक बदलणे झाल्यास दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदलावा, म्हणजे जंतूंना जुळवून घेता येते. गाईने चुकून पुष्कळ धान्य किंवा शिजलेले अन्न खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्यास बोलवावे.

समारंभाचे उरलेले अन्न माणसांच्या मुखी जावे. गाईला कडब्याची पेंढी द्यावी. पुण्य त्यातही उणे पडणार नाही.