गुऱ्हाळातील चरक व काहील यांचा मेळ

भीमेच्या दोन्ही तीरांवर, दौंड तालुक्यातील केडगाव-पारगावपासून पलीकडे शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्यापर्यंत, उसाचे पीक मोठे आहे. दौंड भागात साखर कारखान्यांच्या जोडीने गुऱ्हाळेही पुष्कळ चालतात. उत्पादन वाढवावयाचे म्हटले की गुऱ्हाळमालक प्रथम मोठा चरक घेण्याचा विचार करतो. आमच्या मते हिशेब तेथेच चुकतो.

गूळ चरकात नव्हे, काहिलीत तयार होतो. १०० किलो रसापासून सुमारे १८ ते २० किलो गूळ मिळतो. उरलेले ८० किलो पाणी वाफेने घालवावे लागते. सर्वांत संथ काम हेच होय. समजा, एका आधणास अडीच तास लागतात व चरक तेवढा रस एका तासात देतो. चार आधणांचा रस लागोपाठ काढून ठेवल्यास चौथ्या आधणाचा रस साडेचार तास हौदात पडून राहील. तेवढ्या वेळात तो आंबू लागतो, साखरेचे विघटन होते आणि ढेप मऊ, चिकट व न टिकणारी निघते. म्हणून काहील रिकामी होण्यापूर्वी तासभर आधी चरक सुरू करावा, व एका आधणापुरता रस निघताच थांबवावा. तोडीचेही तसेच, तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा.

चरक थांबला म्हणजे माणसे रिकामी बसतात, अशी तक्रार ऐकू येते. त्या वेळात चिपाड पसरून वाळवावे. ओल्या चिपाडाने आधण लांबते, जळण अपुरे पडते, आणि मग काही चुलाणांत टाकाऊ प्लॅस्टिक घातले जाते. खाद्यपदार्थ करण्याच्या जागी हे सर्वथा अनिष्ट आहे.

चरकाचे लाटेही तपासावेत. नीट बसविलेल्या तीन लाटांच्या चरकातून १०० किलो उसाचा ६० ते ६५ किलो रस निघावा. ५ किलो रस कमी निघाल्यास टनामागे सुमारे ९ किलो गूळ चिपाडाबरोबर चुलाणात जातो! ग्रामसेवकांनी हे वजन मालकासमक्ष एकदा करून दाखवावे.

शिळ्या रसाचा काळसर गूळ उजळविण्यासाठी हैड्रॉसचा हात सैल सोडला जातो. गुळात गंधक डायॉक्साइडची कायदेशीर मर्यादा दशलक्ष भागांत ७० भाग आहे. ताज्या रसास भेंडीच्या चिकाने मळी काढणे व चुन्याची निवळी बेताने देणे बहुधा पुरते. पाक ११८ अंश सेल्सियसच्या सुमारास उतरवावा. गुळव्या अनुभवी असला तरी तापमापक जवळ असावा. प्रत्येक आधणाच्या तोडीची, गाळपाची व उतरणीची वेळ वहीत नोंदवावी.