होम थिएटरचा रिसीव्हर : जोडणी व दोषशोधन

तारा जोडण्यापूर्वी रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढावा. स्पीकरची लाल खूण लाल टर्मिनलास, काळी काळ्यास जोडावी. दोहोंपैकी एकाच स्पीकरची जोडणी उलट झाल्यास आवाज येतो खरा. परंतु दोन्ही पडदे परस्परविरुद्ध हालून खर्ज क्षीण होतो, आणि गृहस्थ उगाच यंत्रास दूषण देतो.

यंत्र सुरू होताच बंद पडत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे नेण्याची घाई करू नये. पुष्कळदा तांब्याचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलास टेकलेला असतो. प्लग काढून तारेची टोके पिळावीत व पुन्हा बसवावीत.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरमधून येत नसल्यास २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलेली ‘एआरसी’ ही सोय पाहावी. केबल दोन्हीकडे तीच अक्षरे असलेल्या खाचेत हवी, आणि दोन्ही यंत्रांच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू केलेली हवी.